जुनी विंडशील्ड हातात आली, पण ती कोणत्या मोटारसायकलची?

गाडीवरून उतरवलेली विंडशील्ड ही जुन्या सामानातली सगळ्यात निनावी वस्तू. टाकीवर नाव असतं, इंजिनवर नंबर असतो, आरशाच्या पाठीवरसुद्धा कुठेतरी शिक्का सापडतो. शील्ड मात्र एकदा सुटली की नुसतं वाकवलेलं पारदर्शक प्लास्टिक उरतं. विकणारा म्हणतो, "मोठ्या क्रूझरची आहे, तुमच्या गाडीला बसून जाईल." तो खोटं बोलत असतो असं नाही, बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं.

अशी एक शील्ड मी एकदा केवळ आकार जुळला म्हणून घेतली. माझ्या गाडीच्या मूळ शील्डशेजारी ठेवली तर दोन्ही जुळ्या बहिणी वाटत होत्या. बसवायला गेलो तेव्हा खालची दोन भोकं १२ मिलिमीटरने चुकली. मी नवी भोकं पाडली, शील्ड थोडी ताणून बसवली, आणि काही आठवड्यांतच नव्या भोकापासून तडा निघून वरपर्यंत गेला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी प्रकार, मग खुणा, मग भोकं, मग वक्रता, आणि आकार सगळ्यात शेवटी. लांबी-रुंदी आणि वरच्या कडेचा डौल कंपन्या एकमेकींसारखा करतात. भोकांच्या जागा मात्र त्या गाडीच्या सांगाड्याला बांधलेल्या असतात.

आधी प्रकार ठरवा

शील्ड जमिनीवर जुन्या चादरीवर ठेवा आणि खालची कड बघा. ती कशावर बसत होती हे तिथेच कळतं.

खालच्या कडेला ओळीने चार, पाच, सहा भोकं आहेत, लोखंडी पट्ट्या अजिबात नाहीत, आणि कड एखाद्या साच्यात बसल्यासारखी वळलेली आहे? मग ती फेअरिंगवर, म्हणजे गाडीच्या पुढच्या भागावरच्या आवरणावर, बसणारी शील्ड. ही जवळजवळ नेहमीच एका विशिष्ट मॉडेलची, आणि त्यातही ठरावीक वर्षांची असते. दुसऱ्या गाडीला ती 'बसवून घेण्याचा' नाद सोडलेला बरा.

दोन्ही बाजूंना उभ्या धातूच्या पट्ट्या, त्यांना खाचा किंवा हुक, आणि मधे हेडलाइटसाठी मोठी कमान असेल तर ती फोर्कवरच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवरच्या) बुशांत अडकवायची, हाताने काढता येणारी शील्ड आहे. हार्ली-डेव्हिडसनच्या रोड किंगवर अशीच असते. इथे प्लास्टिकपेक्षा धातूच्या खाचांमधलं अंतर महत्त्वाचं.

आडव्या पट्ट्या आणि हँडलला पकडणारे क्लॅम्प असतील तर ती युनिव्हर्सल. ती अनेक गाड्यांना बसते, पण क्लॅम्प आणि दांडे सोबत असतील तरच. नुसतं प्लास्टिक मिळालं असेल तर तुमच्याकडे अर्धीच वस्तू आहे. हेडलाइटच्या वर बसणारे छोटे व्हायझर हा चौथा प्रकार. त्यांची ओळख बहुतेक हेडलाइटच्या व्यासावरून लागते, कारण गोल हेडलाइटची दोन मापं फार प्रचलित आहेत: ७ इंची, म्हणजे साधारण १७८ मिमी, आणि पावणेसहा इंची, म्हणजे साधारण १४६ मिमी. कमान हेडलाइटच्या काचेभोवती नव्हे, तिच्या डब्याभोवती बसते, त्यामुळे ती या मापांपेक्षा थोडी मोठी असणार हे धरून चाला.

एक वेगळी शक्यताही ध्यानात ठेवा. खूप जुनी, रुंद, जाड शील्ड असेल आणि कोणत्याच गाडीशी जुळत नसेल, तर ती गाडीची नसून फेअरिंगची असू शकते. अमेरिकन डिझायनर क्रेग व्हेटर यांची विंडजॅमर ही फेअरिंग १९७०च्या दशकात अनेक कंपन्यांच्या गाड्यांवर चढली. फेअरिंग एकच, फक्त गाडीप्रमाणे माउंट वेगळं. अशा शील्डचं उत्तर गाड्यांच्या यादीत शोधून मिळणार नाही, फेअरिंगच्या नावाने शोधावं लागतं.

धुवा, पण जपून

खुणा शोधण्याआधी शील्ड कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन किंवा अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव वापरू नका. पॉलिकार्बोनेटला (शील्डसाठी वापरतात त्या प्लास्टिकला) त्यांनी बारीक तडे जातात, आणि छापलेला नंबर पुसला जातो तो वेगळाच. स्टिकर असेल तर हात लावण्याआधी फोटो काढा.

धुण्याआधीची घाणसुद्धा एकदा नीट बघून घ्या. फेअरिंगच्या आत झाकलेली पट्टी उन्हाने पिवळी पडलेली नसते, तिची सीमारेषा स्पष्ट दिसते. त्या रेषेवरून शील्ड किती खोल बसत होती आणि फेअरिंगची कड कशी वळत होती हे समजतं. भोकांभोवती वॉशरचे गोल वळ उमटलेले असतात, त्यांचा व्यास लिहून ठेवा. दोन भोकांभोवती वळ आहेत आणि तिसऱ्याभोवती नाही, तर ते तिसरं भोक नंतर कुणीतरी पाडलेलं असण्याची शक्यता मोठी.

खुणा कुठे आणि त्या काय सांगतात

खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्चचा उजेड कडेवरून तिरपा टाका. समोरून न दिसणारी कोरलेली अक्षरं अशा उजेडात उठून दिसतात. खालची झाकली जाणारी पट्टी, दोन्ही खालचे कोपरे, मधल्या भोकाच्या आजूबाजूची जागा आणि आतली बाजू, या क्रमाने पाहा.

'डीओटी' आणि 'एएस६' ही अक्षरं दिसली म्हणून लगेच आनंदू नका. ती अमेरिकेतल्या सुरक्षा मानकाची खूण आहे. एएस६ हा मोटारसायकलच्या विंडशील्डच्या प्लास्टिकचा वर्ग, तो गाडीचं नाव सांगत नाही. वर्तुळातलं 'ई' आणि शेजारचा आकडा युरोपातली मान्यता कोणत्या देशाने दिली तेवढं सांगतो: १ जर्मनी, ३ इटली, ९ स्पेन, ११ ब्रिटन. गाडी कुठली, याबद्दल त्यातही काही नसतं.

मात्र 'केबीए' ही तीन अक्षरं आणि त्यापुढे आकडे दिसले तर ते लगेच टिपून घ्या. हा जर्मनीच्या मोटार वाहन खात्याचा मान्यता क्रमांक. त्याच्यासोबतच्या 'एबीई' नावाच्या कागदात ही वस्तू कोणकोणत्या मॉडेलांना चालते त्याची यादीच असते. एमआरएसारख्या जर्मन कंपनीची शील्ड असेल तर हा नंबर हमखास शोधा, कारण तो मिळाला तर पुढची अर्धी मेहनत वाचते.

गिव्ही या इटालियन कंपनीचे कोडही बोलके आहेत. 'डी' या अक्षरानंतर चार आकडे असतील तर पहिले दोन कंपनी सांगतात: ११ होंडा, २१ यामाहा, ३१ सुझुकी, ४१ कावासाकी, ५१ बीएमडब्ल्यू. शेवटी 'एसटी' म्हणजे पारदर्शक, नुसतं 'एस' म्हणजे धुरकट. नॅशनल सायकल या कंपनीच्या स्विचब्लेडसारख्या शील्डमध्ये शील्ड आणि माउंट किट वेगवेगळे विकले जातात, आणि गाडीप्रमाणे बदलतं ते किट. तिथे शील्डवरच्या नंबरापेक्षा किटवरचा नंबर जास्त कामाचा.

मूळ कंपनीचा पार्ट नंबर वाचायचा कसा

कारखान्यातून आलेल्या शील्डवर पार्ट नंबर सापडला तर तो नुसता शोधयंत्रात टाकून थांबू नका. प्रत्येक कंपनीची नंबर लिहिण्याची रीत वेगळी आहे, आणि ती कळली की अर्धवट पुसलेला नंबरही उपयोगी पडतो.

होंडाचा नंबर पाच आकडे, तीन अक्षर-आकडे, मग पुन्हा तीन आकडे असा असतो. मधला तुकडा गाडीचा. 'एमएन५' म्हणजे गोल्डविंग जीएल१५००, 'एमसीए' म्हणजे २००१ साली आलेली जीएल१८००. व्हीएफआर८०० तर नावाने एकच, पण १९९८च्या गाडीचा कोड 'एमबीजी' आणि २००२च्या व्हीटेक गाडीचा 'एमसीडब्ल्यू'. या दोघींच्या शील्ड वेगळ्या आहेत, आणि विकणारे दोन्हींना सर्रास 'व्हीएफआर८००ची काच' म्हणतात.

यामाहात गाडीचा कोड सुरुवातीलाच येतो: '५जेडब्ल्यू' ही पहिली एफजेआर१३००, '३पी६' ही २००६ची सुधारित. सुझुकीत पहिले पाच आकडे वस्तूचा प्रकार सांगतात आणि त्यापुढची तीन अक्षरं गाडी: '२४एफ' पहिली हायाबुसा, '१५एच' २००८ची दुसरी. कावासाकीचे पहिले पाच आकडेही वस्तूचा प्रकार सांगतात, पण पुढच्या आकड्यांतून गाडी उलगडत नाही, तिथे पार्ट्स कॅटलॉगच उघडावा लागतो. बीएमडब्ल्यूचा पूर्ण नंबर ११ आकडी असतो, पण वस्तूवर अनेकदा शेवटचे सातच छापलेले असतात, म्हणून सात आकड्यांनीही शोधून पाहा. हार्लीच्या जुन्या नंबरांत आडव्या रेघेनंतरचे दोन आकडे वर्ष दाखवतात. ते वर्ष ती वस्तू पहिल्यांदा कधी आली याचं आहे, गाडी त्याच वर्षाची असेल असं नाही.

हीच मर्यादा बाकीच्यांनाही लागू आहे. कोड सांगतो तो भाग मुळात कोणत्या गाडीसाठी बनला. पुढच्या मॉडेलने तोच भाग उचलला असेल तर ते कोडवरून कळणार नाही. कॅटलॉगमध्ये तोच नंबर आणखी कुठे येतो ते शोधा, आणि नंबर बदलून नवा दिला गेला असेल तर नवाही टिपून घ्या.

भोकांचा नकाशा

नंबर मिळालाच नाही, आणि असं वारंवार होतं, तर खरं काम इथून सुरू होतं. घाई करू नका. अर्ध्या तासाचं काम आहे, पण याच अर्ध्या तासावर सगळं अवलंबून आहे.

शील्डच्या वरच्या कडेच्या मध्यापासून खालच्या कडेच्या मध्यापर्यंत दोरा ताणून चिकटपट्टीने डकवा. ही मध्यरेषा. आता प्रत्येक भोकाला नाव द्या: डावं १, डावं २, उजवं १, असं. मध्यरेषेवर भोक असेल तर ते 'म'. डावं-उजवं गाडीवर बसलेल्या माणसाच्या नजरेने धरा आणि तसं कागदावर लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्याला मापं पाठवताना घोळ होतो.

दोन भोकांमधलं अंतर मोजताना केंद्र अंदाजाने धरू नका. दोन्ही भोकं एकाच व्यासाची असतील तर एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, ते माप बरोबर केंद्रापासून केंद्रापर्यंतचं येतं. वाकलेल्या पृष्ठभागावर दोन मापं निघतात: हवेतून सरळ, आणि टेप पृष्ठभागाला चिकटवून. दोन्ही घ्या आणि कोणतं कोणतं ते लिहा. बाहेरच्या दोन भोकांत हा फरक सहज काही मिलिमीटरचा असतो, आणि दुसऱ्या माणसाने सरळ माप दिलं, तुम्ही पृष्ठभागाचं घेतलं, तर जुळणारी शील्डही न जुळणारी वाटेल.

मग भोकांचा आकार. ५-६ मिमीचं भोक म्हणजे थेट स्क्रू किंवा पातळ बुश. ९-१० मिमीच्या आसपासचं असेल तर तिथे वेलनट, म्हणजे रबरात बसवलेला नट, बसत असावा. मधलं भोक गोल आणि बाहेरची आडवी लांबट असतील तर ते मुद्दाम केलेलं आहे. पॉलिकार्बोनेट उष्णतेने बरंच पसरतं: ५०० मिमी रुंदीची शील्ड तापमान ४० अंशांनी वाढलं की जवळपास १.३ मिमी वाढते. लांबट भोकं तिला हलायला जागा देतात. कारखान्यातली भोकं गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना सारखी असतात. कड खडबडीत, जोडीदार भोक नाही, असं काही दिसलं तर ते नंतरचं समजून नकाशात वेगळ्या खुणेने दाखवा.

हा नकाशा घेऊन संशयित गाड्यांकडे जा. तुमच्या डोळ्यासमोर दोन-तीन मॉडेलं असतील, तर त्या गाड्या असलेल्यांना फक्त दोनच मापं विचारा: बाहेरच्या दोन भोकांचं सरळ अंतर, आणि मधल्या भोकापासून पहिल्या भोकाचं. एक-दोन मिमीचा फरक मोजण्यातला असू शकतो. पाच मिमीचा फरक आला तर ती गाडी यादीतून काढा. तिथे "थोडं ओढून बसेल" असं म्हणणं म्हणजे तड्याची सोय करणं आहे.

वक्रता

दोन शील्डची भोकं योगायोगाने जुळली तरी वाक क्वचितच जुळतो, म्हणून ही तपासणी सोडू नका. ३० सेंटिमीटरची सरळ पट्टी शील्डच्या आतल्या, खोलगट बाजूला, खालच्या कडेजवळ आडवी ठेवा. पट्टीच्या मध्यापासून प्लास्टिकपर्यंतची खोली मोजा. समजा २५ मिमी आली. पट्टीच्या लांबीचा वर्ग, भागिले आठ पट खोली, अधिक निम्मी खोली, हे त्रिज्येचं सूत्र. म्हणजे ९०,००० भागिले २००, अधिक १२.५, त्रिज्या सुमारे ४६२ मिमी. सूत्र नको असेल तर नुसती खोली पुरते, हातातल्या आणि गाडीच्या मूळ अशा दोन्ही शील्डवर पट्टी तेवढीच आणि जागा तीच हवी. दोन्ही शील्डची मापं जवळ असतील तर शील्ड न ताणता बसेल.

क्लॅम्प आणि दांडे

हँडलवर पकडणाऱ्या शील्डसाठी हँडलचा व्यास बघा: २२.२, २५.४ किंवा २८.६ मिमी. शेवटचं माप जाड मधल्या भागाचं असतं आणि तेच हँडल मुठीकडे २२.२ होतं, म्हणून क्लॅम्प नेमका जिथे येणार तिथेच व्हर्निअर (व्यास मोजायचं साधन) लावा. फोर्कवर पकडणाऱ्यांसाठी नळीचा व्यास. एकाच कंपनीतही तो बदलतो: हार्लीच्या बऱ्याच स्पोर्टस्टरना ३९ मिमीचा फोर्क, तर डायनाला २००६पासून ४९ मिमीचा.

व्यास जुळला म्हणजे शील्ड बसली असंही नाही. रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० दोघींचं इंजिन तेच, फोर्क ४१ मिमीचाच. पण जीटीला खाली बसवलेले क्लिप-ऑन, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळे थेट फोर्कवर पकडलेले, हँडल आहेत, त्यामुळे इंटरसेप्टरच्या हँडलला पकडणाऱ्या शील्डला जीटीवर पकडायला जागाच नाही.

नावं आणि वर्षं

शोधताना एकाच गाडीची दोन नावं माहीत असायला हवीत. यामाहाची व्ही स्टार ११०० अनेक देशांत ड्रॅग स्टार ११०० आहे. सुझुकी व्होलुशिया पुढे बुलेव्हार्ड सी५० झाली. कावासाकीची कॉन्कर्स १४ आणि १४००जीटीआर एकच. एका नावाने काही मिळालं नाही तर दुसऱ्याने शोधा.

उलट बाजूला, नाव तेच आणि गाडी वेगळी. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ६५० २०१२ला बदलली, पुन्हा २०१७ला. कावासाकीची व्हर्सिस ६५० २०१० आणि २०१५ला. बीएमडब्ल्यूची आर१२००जीएस २०१३ला पाण्याने थंड होणारं इंजिन घेऊन आली तेव्हा पुढचा भागही नवा झाला. हार्लीच्या बॅटविंग फेअरिंगची १९९६ ते २०१३ची शील्ड २०१४च्या फेअरिंगवर बसत नाही. "सगळ्या वर्षांना चालते" असं लिहिलेलं दिसलं की मी आधी पिढी कोणत्या वर्षी बदलली ते बघतो.

लांबून घेत असाल तर

विकणाऱ्याकडून एवढे फोटो मागा: समोरून सरळ, बाजूने, खालची कड जवळून टेप लावून, आणि दोन्ही खालचे कोपरे तिरप्या उजेडात. सोबत कोणते स्क्रू-वॉशर-पट्ट्या येणार ते एका फोटोत मांडून दाखवायला सांगा. ती कोणत्या गाडीवरून उतरवली, आणि ती गाडी त्याने स्वतः पाहिली होती का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

तडे भोकांपासून सुरू होतात. भोकाच्या कडेला केसासारखी रेघ असेल तर घेऊ नका, ती वाढतच जाते. वरवरचे ओरखडे आणि थोडा पिवळेपणा चालवून घेता येतो, डोळ्यासमोरच्या भागात प्रतिमा हलणारी असेल तर नाही.

पुठ्ठा आधी, शील्ड नंतर

जुळतेय असं वाटलं तरी थेट बोल्ट आवळू नका. शील्डवर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवून तिचा खालचा भाग आणि भोकं कागदावर उतरवा. दोन्ही दिशांना वाकलेल्या शील्डवर अखंड कागद सुरकुततो, म्हणून तुकडे. त्यावरून पातळ पुठ्ठा कापून गाडीवर धरा. भोकं रांगेत आली तर शील्ड चढवा, सगळे स्क्रू आधी फक्त बोटांनी लावा. एकही स्क्रू लावण्यासाठी शील्ड दाबावी लागत असेल तर थांबा आणि मापं पुन्हा घ्या.

मग रबरी वॉशर घालून हलक्या हाताने, थोडं इकडे थोडं तिकडे असं आवळा. धातूचे स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावायचं थ्रेडलॉक पॉलिकार्बोनेटजवळ आणू नका, त्यानेही तडे जातात.

हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवा. क्लच-ब्रेकच्या केबल आणि होज, ब्रेकची डबी, आरसे, मीटर, यांतलं काही शील्डला टेकतं का पाहा. ॲक्सिलरेटर दोन्ही टोकांना सोडल्यावर स्वतः परत येतोय ना, हेही. पुढचा ब्रेक धरून फोर्क दाबा आणि खाली काही घासतं का बघा. गाडीवर नेहमीसारखे बसा, वरची कड नाकाच्या उंचीच्या आसपास यावी, म्हणजे रस्ता शील्डमधून नव्हे, तिच्या वरून दिसतो. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत घ्या. फोर्कला किंवा हँडलला धरलेल्या शील्डवरचा वारा थेट हँडलवर येतो, त्यामुळे हँडल थरथरलं किंवा गाडी डोलू लागली तर वेग हळूहळू कमी करा, थांबा, आणि शील्डचा कोन व क्लॅम्प तपासा. साधारण शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक भोकाकडे टॉर्च लावून पुन्हा एकदा बघा.